मधल्या मजल्याचे पडदे

सिरिल ओडलिंगने थॉर्नबेक हॉलच्या दारांना, पन्हळींना आणि कुंपणांना चव्वेचाळीस वर्षं रंग दिला. त्याच्या आधी तेच काम त्याचे वडील करत. पण गावात कोणी विचारलं की तू नक्की करतोस काय, तर सिरिल सांगे, "खिडक्या काढतो." आणि ते खरं होतं.

थॉर्नबेकचं घर समोरून दगडी असलं तरी आतून विटांचं आहे. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या मालकाला आपल्या जुन्या विटांच्या घराची लाज वाटू लागली. सगळं पाडायचं तर तोवर राहायचं कुठं, म्हणून त्याने जुन्या घराच्या पुढ्यात दगडाचा नवा चेहरा उभा केला. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर नऊ खिडक्या, सगळ्या एका रांगेत. अडचण एवढीच झाली की तिसऱ्या आणि सातव्या खिडकीच्या मागे जुन्या घराची दोन धुराडी आली. तिथे काच लावून उपयोग नव्हता आणि जागा मोकळी सोडली तर चेहऱ्याला भोकं पडल्यासारखी दिसली असती. म्हणून त्या सहा खिडक्या खोट्या केल्या. सपाट गिलावा, त्यावर काळ्या रंगाच्या काचा, पांढऱ्या पट्ट्या आणि वरची गुंडाळी सोडून अर्धवट खाली ओढलेला सायीच्या रंगाचा पडदा, तोही रंगवलेलाच.

पूर्वी घराच्या खिडक्या मोजून कर घेत, तो चुकवायला त्या बुजवल्या, असं पाहुणे एकमेकांना सांगत. सिरिलला ते ऐकवत नसे. त्या बुजवलेल्या नाहीत, जन्मापासूनच आंधळ्या आहेत, असं तो शिडीवरूनच सांगून मोकळा होई.

रंगवलेला पडदा काही हलत नाही, म्हणून खऱ्या एकवीस पडद्यांनी त्याच्या उंचीला राहायचं, अशी घराची रीत होती. रोज सकाळी मोलकरणी पडदे लावत आणि त्यांच्यावरच्या कारभारीण मिसेस मॉल्टबी हिरवळीवर जाऊन सगळी रांग एका रेषेत आहे का ते बघत. मिसेस मॉल्टबींचं लग्न कधी झालंच नव्हतं, पण मोठ्या घराच्या किल्ल्या जिच्याकडे, तिला मिसेसच म्हणतात.

एकोणऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये मालक मंडळी शिकारीसाठी स्कॉटलंडला गेली असताना सिरिलने पहिल्यांदाच एकट्याने त्या सहा खिडक्या रंगवल्या. वडिलांचे गुडघे गेले होते. त्यांची मोजपट्टी म्हणजे एक काठी होती, तिला तीन मजल्यांच्या तीन खाचा होत्या, पडदा वरून कुठवर रंगवायचा ते दाखवणाऱ्या. मधल्या मजल्यावर सिरिलने तळमजल्याची खाच धरली. परांचीवर नाक भिंतीला लागलेलं, तिथून काही कळायचा प्रश्नच नव्हता. परांची उतरवल्यावर तो हिरवळीवर आला आणि त्याने वर पाहिलं. मधल्या मजल्यावरचे त्याचे दोन पडदे बाकीच्या सातांपेक्षा नऊ इंच खाली आले होते. मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होती.

मिसेस मॉल्टबी चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं, पेला त्याच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने मधल्या मजल्यावरचा पहिला पडदा नऊ इंच खाली सरकला. मग दुसरा, मग चौथा. सातही खाली येईपर्यंत सिरिल पेला धरून उभा होता, चहा गार झाला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "दोरीला लाल धागा बांधलाय. उद्यापासून पोरी तिथवरच ओढतील. तू आता घरी जा, तुझा चेहरा बघवत नाही."

मालकीणबाईंनी, म्हणजे बाईसाहेबांनी, पुढे एकदाच विचारलं, की यंदा मधल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात उजेड कमी का वाटतो. झाडं वाढली, असं उत्तर मिळालं. वडिलांना मात्र फसवता आलं नाही. रविवारी चर्चहून येताना ते काठीवर रेलून घराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "घराला झोप आलेली दिसते." पुढे सात वर्षं जगले, पण त्यावर पुन्हा बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं सिरिलला नेहमी वाटे.

दर आठ वर्षांनी रंगकाम निघे आणि दर वेळी सिरिल ठरवी की आता पडद्याची रेघ वडिलांच्या जागी न्यायची. पण तसं करायचं तर आधी सांगावं लागलं असतं की ती इतकी वर्षं चुकली होती. सांगणं लांबत गेलं. मालक वारले, घर एका संस्थेकडे गेलं, आणि सिरिल चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. हात थोडा कापू लागला होता. या खेपेनंतर काम शहरातल्या कंत्राटदाराकडे जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे रेघ वर न्यायची ही शेवटची संधी.

काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हेस्टर बॉरिल त्याला शोधत आली. घरातल्या जुन्या वस्तूंची देखभाल संस्थेने तिच्याकडे सोपवली होती. तिने पाहुण्यांसाठी लावायच्या फलकाचा मजकूर त्याला वाचायला दिला. दिवाणखान्याच्या भिंतींवरचं पिवळं रेशीम वाचवण्यासाठी १९७९ मध्ये बाईसाहेबांनी दूरदृष्टीने पडदे खाली घेतले, असं त्यात होतं. जुन्या फोटोंवरून तिने साल काढलं होतं.

सिरिल तो कागद घेऊन मिसेस मॉल्टबींकडे गेला. त्या आता नव्वदीच्या होत्या, चर्चमागच्या छोट्या घरांपैकी एकात राहत. त्यांनी भिंग लावून सगळं वाचलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बाईसाहेबांना पडदा कुठल्या बाजूने उघडतो तेसुद्धा माहीत नव्हतं."

"मी सांगून टाकतो तिला."

"बत्तीस वर्षं गप्प बसलास, आता काय घाई आहे? तू रंगारी आहेस, सिरिल, पाद्री नाहीस."

"रेघ वर न्यायचीय मला. सांगितल्याशिवाय कशी नेऊ?"

त्यांनी कागद घडी करून परत दिला. "मग सांग. पण माझ्या धाग्याचं सांगू नकोस. मी त्या घरात कधी खोटं केलं नाही, असंच सगळे समजतात."

दुसऱ्या दिवशी त्याने हेस्टरला सांगितलं. खाच, नऊ इंच, वडील, सगळं. धाग्याचं तेवढं गाळलं. हेस्टरने फलकाचा मजकूर बदलायचं कबूल केलं आणि पुढे म्हणाली, "पण मिस्टर ओडलिंग, रेघ मात्र वर जाणार नाही."

सिरिलला राग आला. चूक ती चूक, असं त्याने ऐकवलं. आता चूक कबूल केल्यावरही ती तशीच ठेवायची, तर वडिलांनी इतकी वर्षं नीट काम कशासाठी केलं?

हेस्टरने वाद घातला नाही. ती त्याला दिवाणखान्यात घेऊन गेली आणि खिडक्यांसमोरच्या भिंतीवरची मोठी तसबीर तिने दोन कामगारांकडून उतरवून घेतली. तसबिरीमागे रेशीम पिवळं होतं. बाहेरचंही पिवळंच होतं, जरासं फिकं. मग ती त्याला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे तेच रेशीम होतं, पण पडदे पूर्वीच्याच उंचीवर होते. तिथल्या तसबिरीमागे पिवळं आणि बाहेर वाळलेल्या गवतासारखं. बोट लावलं तर पिठासारखं झडेल असं वाटत होतं.

रंगाच्या बाबतीत सिरिलला कोणी काही समजावून सांगावं लागत नसे. तो पुन्हा खाली आला, भिंतीजवळ गेला, चष्मा काढून बघत राहिला. मग म्हणाला, "आतला-बाहेरचा रंग एकाच डब्यातला वाटतो."

"तुमच्या वडिलांची रेघ घराच्या चेहऱ्यासाठी बरोबर होती," हेस्टर म्हणाली. "या भिंतीला तुमची मानवली."

त्याने खिडकीतून परांचीकडे पाहिलं. मग खोटं रंगवणाऱ्या माणसाला शोभेल अशा कोरड्या आवाजात त्याने विचारलं, की नऊ इंच म्हणजे नऊच हवेत ना, कारण डावीकडच्या पडद्याला त्या वेळी पाऊण इंच जास्तच गेलं होतं, ते तरी सुधारू द्या. हेस्टरने परवानगी दिली.

दोन दिवस लागले. हात स्थिर राहावा म्हणून तो मनगट दगडावर टेकवून एकेक वीत ओढत होता. संध्याकाळी तो मिसेस मॉल्टबींना सांगायला गेला, की ती रेघ आता संस्थेच्या कागदावर चढली, कायमची.

"म्हणजे आता ते पडदे कोणी वर करणार नाही?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तू बूट काढ, रंग लागलाय त्यांना."

सिरिलने बूट दाराबाहेर ठेवले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.