घेवड्याची बरणी आणि माझं पत्रक

आमच्याकडं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बाईनं आपली लोणच्याची बरणी स्वतः भरायची असते. दुसऱ्या कुणी भरली तर उसाच्या फडावर लोणचं टिकत नाही म्हणतात, आणि बरणी भरल्याशिवाय बाई निघत नाही. कुणी ठरवलं, ठाऊक नाही. आई म्हणते, तशी रीत हाय.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता, दोन दिवसांत न्यायला ट्रॅक्टर येणार होता. परसात मोरीच्या पाण्यावर वहिनीनं लावलेला घेवडा लय आला होता. आईनं आणि मी कोवळ्या शेंगांच्या शिरा काढल्या, उकळत्या पाण्यातून काढून कापडावर पंख्याखाली कोरड्या केल्या. मोहरीची डाळ कुटून झाली, लिंबं पिळून झाली, तेल कडवून गार झालं. आता वहिनीनं शेंगा कालवून बरणी भरायची, तोंडाला कापडाचा दादरा बांधायचा, की दादा-वहिनीची निघायची तयारी झाली.

आईनं हाक मारली. वहिनी उंबऱ्याच्या पलीकडंच थांबली आणि म्हणाली, "मी बाजूला हाय."

माझं टाळकं सरकलं. तेव्हा मी सेलूच्या एका गटाबरोबर गावोगाव पत्रकं वाटत होते, आणि पत्रकाचा मजकूरच मुळी "पाळी म्हणजे विटाळ नाही" असा होता. बाहेर देवगाव फाट्यावर उभं राहून लोकांच्या बायकांना सांगायचं आणि आपल्या घरात बाईच्या सावलीनं लोणचं नासायचं? मी आईला धारेवर धरलं. बुरशी ओल्या चमच्यानं येते, बाईच्या हातानं नाही. बाई ऊस तोडते तेव्हा साखर का नासत नाही, असं सगळं ऐकवलं. पत्रकातली वाक्यं होती, पण माझ्या तोंडून बरी येत होती.

आई भांडेल अशी माझी तयारी होती. ती कापडावरच्या शेंगा उलटत राहिली, मग शांतपणे म्हणाली, "बरं. ताई एवढं म्हणतीया तर लाव हात. ये गं."

जिच्या घरात बाजूला बसलेल्या बाईचं ताटसुद्धा वेगळं असायचं, ती आई. मला वाटलं, जिंकले. वहिनीकडं हसून बघितलं, तर तिचा चेहरा उतरलेला. आत येताना ती माझ्याजवळून गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमाला कुणी बोलाय सांगितलं होतं, ताई?"

मला काही कळेना. परातीशी बसत ती पुढं म्हणाली, "मला यंदा जायचं न्हाई. पोरगी आत्ता कुठं वाचायलीय, फडावर नेली की शाळा बुडती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी पत्रक काढलं असतं."

आईनं ऐकलंच. म्हणाली, "पंधरा दिसांमागंच तर बसली होती बाजूला. महिन्यातून दोनदा कुणाला असतंय?"

म्हणजे आईला आधीच कळलं होतं. माझं पत्रक तिला आयतंच मिळालं होतं. मी रागावले, पण कुणावर ते ठरेना. वहिनीवर, की तिनं विटाळाची ढाल केली? आईवर, की तिनं माझ्या तोंडानं सून कामाला धाडली? मी ज्या बाजूनं बोलत होते ती बाजू नेमकी कुणाची होती? आईला सांगायला लागले की पोरीची शाळा बुडवू नका, तर आई म्हणाली, "आधी एक ठरीव. तिनं हात लावायचा का न्हाई लावायचा?"

वहिनीनं हात लावला. शेंगा कालवल्या, बरणीत दाबून भरल्या. अर्धी भरल्यावर थांबली. वरून तेल सोडलं, दादरा बांधला आणि ओट्यावर बसलेल्या दादापुढं नेऊन ठेवली.

"अर्धीच हाय. तुमच्या एकट्याला पुरंल."

दादानं बरणी उचलून बघितली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. "अर्ध्या कोयत्याला मुकादम घेत न्हाई गं," तो म्हणाला.

"त्याला इचारलंत कामून न्हाई कधी?"

तो फोन घेऊन बाहेर गेला. बराच वेळ आतबाहेर करत बोलला. मुकादमानं लय शिव्या घातल्या. शेवटी बायको बाळंत झालेल्या एका चुलतभावाशी त्याची जोडी लावली. आईनं राग काढला तो माझ्यावर. मला म्हणाली, "पत्रकं वाटायची तर बाहेर वाट."

ट्रॅक्टर आला तेव्हा दादा एकटाच चढला. परातीत उरलेल्या शेंगा आईनं दुसऱ्या बरणीत घातल्या, त्या आम्ही घरी खाल्ल्या. नासल्या नाहीत. पण त्यावरून काय सिद्ध झालं, हे मला कुणाला सांगता येत नाही. वहिनी त्या दिवशी बाजूला नव्हतीच.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा उंबऱ्याबाहेर बसली. आईनं तिचं ताट वेगळं वाढलं. मी बोलायला तोंड उघडलं, वहिनीकडं बघितलं. ती पोरीला पुस्तकातली ओळ दाखवत होती. खरंच बाजूला आहे की दुसरं काही, हे मला तिच्याकडं बघून ओळखता येईना. मी गप्प जेवले.