पारीच्या भिंतीवरचा कारखाना

पारीने पेणच्या कमळाकर शेठची जुनी पीठगिरणी टेम्पोत घालून वाडीवर आणली, तेव्हा वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरून बघत राहिली. निडी स्टेशनापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी. इथल्या बायका दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निडीपर्यंत चालत जायच्या, आणि तिथे लाईट गेलेली असली की तोच डबा तसाच परत यायचा. पारीचं अर्धं आयुष्य या डब्याखाली गेलं होतं. तिची मान एवढी ताठ का, याचं तिचा नवरा सुभाष हेच कारण सांगायचा.

गिरण पडवीत बसली. टाकी लावणारा येऊन दगडांना खाचा पाडून गेला. आता अडलं होतं ते फक्त लाईटवर. घरात मीटर होता, पण तो दोन दिवे, पंखा आणि टीव्हीच्या ऐपतीचा. गिरणीच्या मोटरीला थ्री फेज हवी. आणि लाईटचा विषय निघाला की वाडीतला प्रत्येक माणूस इंजिनीअर होतो.

सगळ्यात मोठे इंजिनीअर माधवराव गुरुजी. निवृत्त शिक्षक, वाडीच्या खालच्या अंगाला त्यांची आंब्याची बाग आणि बंगली. माणूस मनाचा मोठा. वाडीत मीटर नव्हते तेव्हा पारीच्या घराला त्यांनीच आपल्या बंगलीतून तार दिली होती. फक्त गुरुजी पडले शिस्तीचे. पेणला मुलाकडे निघाले की गॅस बंद, नळ बंद, मेन बंद. ते कुलूप लावून एस्टीत बसले की इकडे पारीच्या घरात अंधार. त्यांच्या ध्यानीमनीही नसायचं. नातवाची, अनयची, मुंज पेणला झाली, त्याच दिवशी पारीच्या लेकीची हळद होती. ती चिमणीच्या उजेडात लागली. पारीने कुणाला काही बोलून दाखवलं नाही, पण ती हळद काही तिच्या मनातून गेली नाही.

गिरण आल्याचं कळताच गुरुजी स्वतः वर चढून आले.

"पारी, डोकं का फोडून घेतेस? माझ्या पंपाचा मीटर थ्री फेज आहे. तार ओढ आणि कर सुरू."

"तो शेतीचा मीटर, गुरुजी. मला काय गिरण पेरायची हाय?"

"अगं, बघायला कोण येतंय?"

"दळायला येतील ते काय डोळे घरी ठेवून येतील?"

गुरुजी खो खो हसले. "तोंडाने हार जायची नाहीस तू."

"माझं बटन माझ्या भिंतीवर पायजे," पारी म्हणाली. गुरुजींना यात काही टोचलं नाही. टोचायचं कारणच त्यांना ठाऊक नव्हतं.

सुभाष धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर ड्रम उचलायचा. शिफ्ट संपवून आल्यावर तो म्हणाला, "फुकट मिळतंय तर घे ना गो."

"आणि गुरुजी पेणला गेले की?"

सुभाषला हळद आठवली. त्याने जेवणाचं ताट पुढ्यात ओढलं.

सोमवारी दोघं रोह्याला वीज कार्यालयात गेली. रांगेतल्या एका आगाऊ गृहस्थाने लगेच शहाणपण शिकवलं. "बाई, घरासाठीच हवाय म्हणून सांग. गिरणीचं नाव काढू नकोस. कशाला पाहिजेत भानगडी?"

"मग पाटी काय लावू? हितं गिरण नाय म्हणून?"

खिडकीतल्या अपेक्षा मॅडमनी मान वर केली. "कशासाठी हवाय मीटर?"

"पिठाच्या गिरणीला."

"पीठगिरणी." मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मग तुमचा प्रकार औद्योगिक."

"मी दुकानाचा समजून आलेली."

"नाही. पीठगिरणी उद्योगात धरतात. कारखाना असतो ना, तसा. दर दुकानापेक्षा कमी पडेल. नाव कुणाचं घालू?"

सुभाषने सवयीने तोंड उघडलं. पारीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. अर्जावर पारीचं नाव चढलं.

परतताना कुंडलिका नदीच्या पुलावर तो म्हणाला, "इतकी वर्षं कंपनीच्या गेटावर पास दाखवून आत जातोय. आता घरात शिरताना पण दाखवू काय?"

"दाखव. आनि चपला भायेर काढ."

मग खांबांची वाट बघणं आलं. त्या दिवसांत गुरुजींनी दोनदा तार देऊ केली, शेजारच्या दर्शनाने दहादा टोमणा मारला, "पारी गो, गिरणीवर पापड वाळत घालू काय?" पारी ढिम्म हलली नाही. शेवटी खांब आले, तारा आल्या, वायरमन प्रविण आला. मीटर मागच्या भिंतीला लावला तर केबल कमी लागेल, असं त्याचं म्हणणं. पारीचं बोट पुढच्या भिंतीवर, पायवाटेकडच्या.

"ताई, काय फरक पडतो?"

"तुमाला नाय पडत."

मीटर पुढे बसला. प्रविण खांबावर चढला तेवढ्यात दर्शनाने मीटरला हळदकुंकू लावलं, आणि ते काही नखभर नव्हे. घरात नवीन पाहुणी आल्यासारखं थापलं. वर झेंडूचा हार. प्रविण खाली उतरून बघतो तो आकड्यांची खिडकीच गायब.

"अगं बाई, आकडे वाचायचे कुठनं?"

सगळी वाडी हसली. पारीने पदराने खिडकी तेवढी पुसली. बाकीची हळद राहू दिली.

मग तिने बटन दाबलं. पट्टा सळसळला, दगड गरगरले. दगडांना नव्या खाचा पाडल्या की पहिलं पायलीभर दळण कचकचीत येतं म्हणून ते कोंबड्यांना गेलं. नंतर मात्र पीठ आलं ते मऊ, ऊन ऊन. दारात डब्यांची रांग लागली. गुरुजीही डबा घेऊन आले. वयाच्या आणि बागायतीच्या जोरावर सरळ पुढे आले.

"पारी, माझं आधी काढ. आमच्या हिला मोदक करायचेत."

"नंबर हाय, गुरुजी."

बायकांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी रांगेकडे पाहिलं, भिंतीवरच्या पिवळ्याजर्द मीटरकडे पाहिलं आणि डबा दर्शनाच्या डब्यामागे ठेवून पायरीवर बसले. पाळी आल्यावर पारीने दगड जवळ आणणारं चाक आवळलं, पीठ बोटांत चोळून बघितलं, पुन्हा थोडं आवळलं.

"घ्या. मोदकाला ह्याच्यावर बारीक नाय मिळायचं, पार पेणला पण नाय."

गुरुजींनी चिमूट घेतली. "पारीबाई," ते म्हणाले, "मानलं बुवा."

'बाई' हे वाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. पारीनेही ऐकलंच असणार. पण तिचे दोन्ही हात पिठात होते.

"चला, पुढचा डबा कुनाचा?" ती ओरडली.