कुणाच्या घरच्या तुम्ही?

पेडण्यात कुणी नवीन भेटलं की आधी वाडा, म्हणजे वस्ती विचारतात, मग घर. दोन मिनिटांत ओळख निघते आणि माणूस मोकळा होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मानसशास्त्र तिथे शिकले, पण ही रीत घरची. समुपदेशन केंद्रात प्रशिक्षणाला गेले तेव्हा तीच वापरली.

नवऱ्याच्या मारातून सुटून माहेरी आलेली, नदीकाठच्या गावची एक बाई समोर बसली होती. तिला परकं वाटू नये म्हणून मी विचारलं, "कुणाच्या घरच्या तुम्ही?" तिने हळूच सांगितलं. मी उत्साहाने म्हणाले, माझे बाबा पेडण्याच्या स्टँडवर मोटरसायकल पायलट आहेत, तुमच्या वाड्यावर नेहमी मागे भाडं बसवून येतात.

तिने पिशवी मांडीवर ओढली. मग फक्त हो आणि नाही.

मला शिकवणाऱ्या केंद्रातल्या मॅडम रागावल्या नाहीत. गावभर जिची चर्चा चालते तिला इथे तरी ओळख नको असते, एवढंच म्हणाल्या. बोलायला तिला ही एकच जागा होती, आणि ती मी घालवली होती की काय, कळेना.

घरी बाबा रोज विचारायचे, आज कोण आलं होतं? मी भात कालवत राहायचे. "आमची कलेक्टरीण बोलणा नाय," ते आईला म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली, वेळेआधीच. म्हणाली, स्टँडवर विचारून मुद्दाम तुझ्या बाबांच्याच मागे बसून आले. तिने वाटेत त्यांना सहज विचारलं होतं, त्या केंद्रात कोण कोण येतं हो?

"तुझे बाबा तुझ्याबद्दल काय म्हणाले सांगू? म्हणाले, माझा चेडू थंयच असता. पण महिनो झालो, घरात एक शब्द काढूक नाय."

आणि ती हसली. पिशवी खुर्चीखाली ठेवून म्हणाली, "आता विचार, बाये."

मी घर विचारलं नाही. कुठून सुरू करायचं ते तिच्यावरच सोडलं. ती तासभर बोलली. काय, ते इथेही लिहिणार नाही.

त्या दिवशी बाबांनी माझं किती मोठं काम केलं, ते त्यांना सांगता येत नाही. स्टँडवर ते अजून माझी तीच तक्रार करतात. जरा मोठ्यानेच करतात, असं ऐकलंय.