तांदळाच्या पोत्यामागच्या बाटल्या

हे आजवर माझ्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही. आईने नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींनी नाही — तसं मी कुणाला फारसं काही सांगतच नाही. तुम्हाला सांगते.

बहारीनला, झिंजमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये, तांदळाच्या पोत्यामागे, मी चोरून बिअर बनवायचे. का? प्यायला नव्हे, मला अर्धा ग्लास पुरतो. ती आपल्याला बनवता येते, हे आवडायचं. कॅनमधलं बिनदारूचं माल्ट ड्रिंक, साखर, यीस्ट आणि धीर. माझं काय चुकलं ते आज मी नेमकं सांगू शकते. साखर जास्त पडली. फसफसणं पुरतं थांबायच्या आधीच मी बाटल्या भरून घट्ट बंद केल्या. बाटल्याही ज्यूसच्या, पातळ काचेच्या. आणि जुलैत सुट्टीला पुण्याला निघताना बाबांनी नेहमीसारखा मेन स्विच बंद केला. एसी बंद, खिडक्या बंद, बाहेर बहारीनचा उन्हाळा — पुढे काय होणार, हे मला सुचू नये?

किल्ली समोरच्या रेहानाआंटींकडे असायची. त्या रत्नागिरीच्या. आमची तुळस त्यांच्याच जिवावर उन्हाळा काढायची. पाणी घालायला यायचा त्यांचा मुलगा इम्रान, माझ्याच वयाचा. लिफ्टमध्ये माझ्या हातात माल्टचा खोका बघून तो एकदा म्हणाला होता, "एवढं माल्ट पितेस, तरी काडीच कशी गं तू?"

आम्ही परतलो तेव्हा स्टोअररूमची फरशी पुसलेली होती. बाटल्या नव्हत्या. पण आंबूस वास होता, आणि पोत्याखाली आईला काच सापडली. तो वास कशाचा, ते बाबांना लगेच कळलं. त्यांनी इम्रानला बोलावलं. मागोमाग रेहानाआंटी आल्या.

"आम्ही नसताना इथे पार्टी केलीस?"

"नाही, काका."

"मग हा वास कसला?"

फुटलेल्या काचा त्यानेच आवरल्या होत्या — आणि कुणाच्या, तेही ओळखलं होतं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं? घाबरून गप्प राहिले, असं तुम्हाला वाटत असेल. मीही स्वतःला बरेच दिवस तसंच सांगत होते — गप्प राहिले, एवढंच. ते खोटं आहे. मी बोलले.

"किल्ली तर यांच्याकडेच होती ना, बाबा."

"खलास," रेहानाआंटी म्हणाल्या, किल्ली टेबलावर ठेवली आणि मुलाला घेऊन गेल्या. त्यांच्या घरात दारू म्हणजे हराम. इम्रानच्या वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. तो सलमाबादच्या कारखान्यांच्या वस्तीत, तिथल्या वर्कशॉपमधल्या कामगारांबरोबर एका खोलीत राहायला गेला. अजून तिथेच आहे. त्याने माझं नाव कधीच घेतलं नाही. घेतलं असतं, तर कुणी विश्वास ठेवला असता?

घरात आईबाबा मराठीत बोलतात आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर देते. ते वाक्य मात्र मी मराठीत बोलले. मी मराठीत बोलले की बाबा विरघळतात, हे मला ठाऊक होतं. ते घाबरून तोंडातून निसटलं नव्हतं. आधी मनात नीट जुळवलं — मग बोलले.