मुका झालेला आड

आडात दोर सोडून उतरलेला शिपाई खालून ओरडला, "बाई गार पडलीय. संपलं!" वर जमलेल्या बायकांनी एकदम हंबरडा फोडला. मुखेडजवळच्या गावातली ती दुपार मी विसरलेले नाही. काठावर उभं राहून मला एवढंच वाटलं, ही माझ्यामुळे मेली.

झालं होतं असं. सकाळी तिचा नवरा ठाण्यात आला. बायको काल पहिल्या एसटीने शिरूर अनंतपाळला माहेरी निघाली, पोहोचली नाही, म्हणाला. मी मिसिंगची नोंद घेतली. मी सातवी पास हवालदार, पण अक्षर चांगलं, म्हणून साहेब लिहायचं काम माझ्याकडेच देत. कौलारू ठाणं होतं ते, दारात लिंब. आता तिथे संगणक आहेत. मला मात्र कार्बन कागदाचा वास अजून आठवतो.

थोड्या वेळाने त्याच गावचा एक आंधळा म्हातारा काठी टेकत आला. एसटीच्या थांब्यावर बसून तो गुरांची दावी वळायचा.

"माय, ती बाई गाडीत बसली न्हाई."

"तुम्ही पाहिलं का?" मी विचारलं. सगळं ठाणं हसलं.

"तिची चप्पल फरफटती. थांब्याला आलीच न्हाई. आन् त्यांच्या घरामागचा आड मुका झालाय."

मी लिहिलं, 'अंध. काही पाहिलेले नाही.' त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं. तासभर गेला. बाई आडात होती आणि मी चहा पीत होते.

म्हाताऱ्याने बसल्या जागी टाळूला जीभ लावून टक् केलं. "मागची भिंत पाडली का काय? आवाज परत येऊन न्हाई राहिला."

ठाण्याच्या पडवीची ती भिंत चारच दिवसांपूर्वी पाडली होती. तो मागे दोर विकायला आला, तेव्हा ती उभी होती. मी कप खाली ठेवला.

"मामा, आडाचं नीट सांगा."

"रोज तिथून जाताना टक् करतो. आड घुमला की कळतं, बाजूनं चाललोय, आत पडत न्हाई. काल सकाळी घुमला. सांजच्याला येताना गप. वर कायतरी टाकलंय."

नवरा अजून समोरच्या टपरीवरच होता. साहेबांनी त्याला आत घेऊन विचारलं, "घरामागं आड आहे का?"

"हाय साहेब. वासरू पडंल म्हणून चार महिन्यांमागं झाकलाय. बायकोचा अन् त्याचा काय संबंध न्हाई."

बायकोचं कोणी विचारलंच नव्हतं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्याचं उत्तर आधी देतो.

जीपने निघालो, म्हाताऱ्यालाही घेतलं. आडावर पत्रे, पत्र्यांवर कडबा. पत्रा उचलला तर खाली काठाचं गवत हिरवंगार. चार महिने झाकलेलं गवत पिवळं पडतं. पंचांना ते दाखवलं आणि शिपाई खाली सोडला. तळाला घोटाभरच पाणी होतं. मग ती त्याची ओरड.

"गप बसा समदे!" म्हातारा बायकांवर खेकसला आणि काठावर ओणवा झाला. "रडायचं ते मागून रडा. कण्हून राहिली ती."

सगळे गप्प झाले. मला काही ऐकू आलं नाही. खाली शिपायालाही नाही. तरी त्याने तिच्या तोंडात ओला रुमाल पिळला. तिने पाणी गिळलं.

नवऱ्याने संध्याकाळी कबुली दिली. माहेरी जाण्यावरून भांडण झालं, ढकलली. कोर्टात त्याच्या वकिलाने म्हाताऱ्याला माझाच प्रश्न विचारला, "तुम्ही पाहिलं का?"

"न्हाई. डोळेवाल्या गावानं तरी कुटं पाहिलं?"

नवऱ्याला शिक्षा झाली. माझा तो सकाळचा कागद फाइलमध्ये तसाच राहिला. मी तो बदलला नाही. पण पुढे निवृत्त होईपर्यंत जबाब घेताना कोणालाही आधी 'काय पाहिलं' असं विचारलं नाही. 'काय कळलं, कसं कळलं' एवढंच विचारलं, आणि सांगतील ते लिहिलं.

म्हातारा पुढे काही वर्षांनी वारला. ती बाई माहेरी असते. एक पाय आखूड राहिला. जिवंत आहे.