आप्पांसाठी एक पेन, बारा कागद

देवळाली प्रवरेहून नगरला निघाले त्या सकाळी माझ्यापेक्षा माझ्या सामानाचाच थाट जास्त होता. टेम्पोत गव्हाचं पोतं, बाजरीचं अर्धं पोतं, तूरडाळीचा डबा, तिखटाची बरणी आणि उरलेल्या जागेत मी. आप्पा, म्हणजे माझे वडील, दोरी आवळत म्हणाले, "वर्साचं भरून दिलंय. कुनाच्या दारात वाटी घिऊन जायचं न्हाई." आई डोळ्याला पदर लावून उभी होती. तिच्यावर आप्पा खेकसले, पोरगी काय लंडनला चाललीय का! आणि मग स्वतःच गोठ्यात गेले ते टेम्पो हलला तरी बाहेर आले नाहीत.

तुमच्यातले जे पुण्याला, दुबईला गेलात ते हसाल मला. तुम्हाला जायला विमान लागलं, मला शेजारच्यांचा टेम्पो. पण भिंगारच्या त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या आठवड्यात मी जी रडले, ती काही किलोमीटर मोजून रडले नाही. नगरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायचं, संध्याकाळी रिक्षाने भिंगारला यायचं आणि घरी फोन लावायचा. त्या फोनवर माझा दिवस निघायचा.

दुसऱ्या वर्षी आप्पांना ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून आप्पांनी कपाटात टाकलं. फोनवर काहीही सांगा, त्यांचं एकच उत्तर, "बरंय, बरंय." एकदा मी म्हटलं, आप्पा, तीन दिवस तापाने पडलेय. तर म्हणाले, "बरंय, बरंय. लई चांगलं झालं." मी आधी खो खो हसले आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. पुढे ते फोनजवळ यायचेच बंद झाले. गावाबाहेर एकटं जाणंही त्यांनी सोडलं. रस्ता विचारला तर उत्तर ऐकू येत नाही, लोक हसतात, म्हणून. बाप जिवंत, धडधाकट, आणि माझं त्यांच्याशी बोलणं संपलेलं. हे मला सहनच होईना.

आप्पा मोबाईलच्या स्क्रीनकडे बघत नाहीत, पण पेपर मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी शाळेत वहीच्या मागच्या पानांवर मास्तरांची चित्रं काढून छड्या खाल्लेली मुलगी. म्हटलं, चला, कॉमिक काढू. आठवड्याला एक पान, चार-सहा चौकटी, माणसांच्या तोंडातून फुगे, त्यात अक्षरं. टाकायचं पोस्टात.

आणि इथे मी माती खाल्ली, तीही आमच्या घराच्या रीतीने. आमच्याकडे कुठलीच वस्तू सुटी आणत नाहीत. धान्य, मसाला, साबण, सगळं वर्षाचं. कुणी दुकानातून साखरेची पुडी आणताना दिसलं की आई हळूच म्हणायची, "त्यांचं काय खरं न्हाई बाई." तेव्हा पगार झाल्या झाल्या मी नगरच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि कॉमिकचंही वर्षाचं भरलं. झेरॉक्सच्या कागदाचं अख्खं रीम. दोन डझन जेल पेन, स्वस्तातले. स्केचपेनांची खोकी. दुकानदार काका चांगला माणूस. म्हणाले, "ताई, आधी एक पेन न्या, एक कागद न्या, काढून बघा. मग या." मी तोऱ्यात सांगितलं, "आम्ही सुटं घेत नाही." काय तो माझा रुबाब!

पहिल्याच पानाने रुबाब उतरवला. पेन्सिलीच्या रेघा खोडायला गेले तर जेलची शाई खोडरबराबरोबर फरफटत गेली. स्केचपेन टेकवला की कागदाच्या पाठीवर ठिपका. तरी हट्टाने पाठवलंच. पाकीट वाटेत कुठेतरी ओलं झालं. आईचा फोन आला, "आप्पा इचारत्यात, ही म्हस कुनाची?" ती मी होते, ऑफिसला निघालेली. आप्पांनी म्हणे पान उलटसुलट करून पाहिलं, डोळे चोळले आणि घडी घालून ठेवून दिलं. वाचता आलं नाही हे त्यांनी कबूल केलं नाही, पण मला कळलं. कान गेले ते गेले, आता डोळेही गेले असं त्यांना वाटलं असणार, आणि तो दोष माझ्या शाईचा होता.

पुढच्या शनिवारी मान खाली घालून त्याच दुकानात गेले. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी चार पेन काढले, प्रत्येकाची रेघ ओढली, थोडं थांबून ओलं बोट फिरवलं. तीन रेघा पसरल्या, एक हलली नाही. "हा घ्या. वॉटरप्रूफ. बारीक रेघेला हाच पुरे, जाड रेघ हवी तर दोनदा फिरवा." मग एक एचबी पेन्सिल, एक मऊ खोडरबर. पट्टी घरात होती. महागडा परदेशी कागद मागितला तर म्हणाले, "कशाला? हा कार्ट्रिज कागद घ्या, जाड आहे, शाई पाठीवर जात नाही. बाराच न्या." चुकलं तर ऑफिसातला व्हाइटनर आहेच. एवढंसं सामान! पिशवीसुद्धा लागली नाही. रिक्षात मला उगाच वाटत होतं, देवळालीचं कुणी बघेल आणि म्हणेल, हिचं काय खरं नाही.

पण पान असं उमटलं म्हणता! काळंभोर, स्वच्छ. मग मी सुटलेच. रिक्षा कुठे थांबते, तिथली भेळेची गाडी, पिंपळाचं झाड, निळ्या दाराची आमची चाळ, चाळीच्या नळावर पाण्यासाठी भांडणाऱ्या घरमालकीण काकू. आठवड्याला एक पान. आई सांगायची, वाचतात, हसतात. आप्पांकडून मात्र शब्द नाही.

मागच्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते. आईचा फोन आला. "अगं, आप्पा सकाळधरनं घरात न्हाईत. मळ्यात न्हाईत, पारावर न्हाईत. कुनी हाक मारली तर ऐकू बी यायचं न्हाई त्यांना." चपला घालून धावत निघाले, तर चाळीच्या दारात आप्पा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माझी सगळी पानं.

"एसटीवरची पाटी वाचली," ते मोठ्याने म्हणाले. "हितं रिक्षावाल्याला तुजं दुसरं पान दावलं. म्हनला, बसा बाबा. पिंपळापासनं चालत आलो. कुनाला कायबी इचारलं न्हाई." मग चाळीकडे नजर टाकून, "समदं बरोबर काढलंयस. पर नळ डाव्या हाताला हाय, तू उजवीकडं काढलास."

मी आईला फोन करून सांगितलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. इतकी वर्षं घर म्हटलं की मी देवळालीच म्हणत आले, भिंगारच्या जागेला नुसती खोली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझा बाप जिथे एकटा चालत येऊ शकतो, ते माझं घर आहे.

चहा झाल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले. आप्पा बोलत होते, मी फुग्यात उत्तरं लिहीत होते. ताप आता नाही, वकीलसाहेब बरे आहेत, मुक्कामाला राहा. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हितं मला काढ," आप्पा म्हणाले. "आलोय न्हवं मी."