सेनन टाल्टीच्या तोंडची चाल

नोनी टाल्टी मॅरिननच्या घरी जायला निघाली तेव्हा सेननकाकाने तिला दोनदा परत बोलावलं. एकदा बुटांच्या टाचा बघायला आणि एकदा उगाचच.

"शिळेच्या मधोमध उभी राहा," तो शेवटी म्हणाला. "कडेला ती मुकी आहे."

"ठाऊक आहे, काका."

"थेडीच्या तोंडाकडे बघू नकोस. त्याचं तोंड बघून माझेही पाय जड व्हायचे."

मॅरिननच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर एक मोठी शिळा बसवलेली होती. तिच्याखाली घोड्याची कवटी पुरलेली होती, त्यामुळे तिच्यावर टाच पडली की आवाज घरभर घुमायचा. क्लेअर परगण्याच्या त्या किनाऱ्यावर माणूस नाचतो की नुसता उड्या मारतो, हे त्या शिळेवर ठरायचं. तरुणपणी सेनन टाल्टी तिच्यावर नाचायचा आणि थेडी मॅरिनन फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. लोक नेमके कुणासाठी येतात यावरून दोघांचं बिनसलं आणि सेननने त्या घराची पायरी सोडली. पुढे खाणीतल्या दगडाच्या धुळीने त्याची छाती खाल्ली. आता चुलीपासून बिछान्यापर्यंत जाताना त्याला मध्ये टेबल धरून उभं राहावं लागे.

त्याची एक रील होती. रील म्हणजे जलद नाचाची चाल, आणि तिच्यावरची पावलं त्याची स्वतःची होती. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आपण गेलो की तीही जाणार, हे त्याला बोचायचं. म्हणून त्याने पुतणीला शिकवायला घेतलं. नोनी हाडापेराने थोराड, बोलायला भिडस्त, वयाने तिशी ओलांडलेली. बरोबरीच्या मुली लग्न करून नाहीतर बोस्टनची बोट धरून गेल्या होत्या, ती काकाचं करत राहिली होती. बटाटे काढून झाले, गाय आटली, की दुपारी ती घराचं खालचं अर्धं दार बिजागऱ्यांवरून उचलून जमिनीवर आडवं टाकायची आणि त्यावर उभी राहायची. घरात वाद्य नव्हतंच. सेनन तोंडानेच चाल म्हणायचा, डिडल-डी-आयडल-डम, आणि काठीने ठेका धरायचा. अशी दोन वर्षं गेली. तिचे पाय तयार झाले असं सेननला वाटलं. ईस्टरपर्यंत आपण टिकू असं मात्र त्याला वाटत नव्हतं, आणि एकदा ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस लागले की ईस्टरपर्यंत कुणी नाचत नसे. म्हणून तो घाईला आला होता. मॅरिननच्या शिळेवर एकदा आपली पावलं वाजावीत आणि ती कुणाची हे चारचौघांत म्हटलं जावं, एवढंच त्याला हवं होतं.

रविवार होता, मॅरिननकडे नेहमीसारखं घर भरलेलं होतं. थेडी चुलीच्या एका बाजूला फिडल घेऊन बसला होता. दुसऱ्या बाजूला बिड हॉ आपली कॉन्सर्टिना, भात्याची छोटी हातपेटी, मांडीवर ठेवून चहा पीत होती. नोनीने काय नाचणार ते सांगितलं तसा थेडीने गज खाली घेतला.

"कुणाची पावलं म्हणालीस?"

"सेनन टाल्टीची."

"जिवंत आहे का तो?"

"आहे."

"मग स्वतः का नाही आला?" थेडी म्हणाला. लोक हसले. त्याने गज तारांवर ठेवला, बिडने कप खाली ठेवून कॉन्सर्टिना उचलली.

सुरुवात चांगली झाली. शिळा बोलू लागली, बायकांच्या गप्पा थांबल्या. मग चालीचा पहिला भाग संपला आणि नोनी थांबली. अगदी क्षणभर, एक पाय हवेत धरून. फिडल आणि कॉन्सर्टिना पुढे निघून गेली. ती धावत त्यांना गाठायला गेली, गाठलं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तशीच थांबली. आपण थांबतोय हे तिला कळतच नव्हतं. वाजवणाऱ्यांनाच घाई झाली आहे असं तिला वाटलं आणि तिने रागाने थेडीकडे पाहिलं.

थेडीचे डोळे बारीक झाले होते. तिसऱ्या वळणावर त्यानेही वाजवणं थांबवलं आणि त्या मोकळ्या जागेत गज तारेवरून हळूच, कोरडा ओढला. दमेकरी माणूस छातीतून श्वास ओढतो, हुबेहूब तसा आवाज निघाला.

आधी कुणाला कळलं नाही. मग थेडी म्हणाला, "अरे, ही सेननचा दमासुद्धा नाचतेय!"

घरभर हशा पिकला. कुणीतरी खोकला काढला, दुसऱ्याने त्याला साथ दिली. एका बाईने हसता हसता कपातला चहा मांडीवर सांडला. नोनी शिळेच्या मधोमध उभी होती आणि तिला आता सगळं कळलं होतं. काका प्रत्येक वळणावर श्वास घ्यायला थांबायचा, घ्यावाच लागायचा त्याला. ती तिथे पाय धरून वाट बघायला शिकली होती. तिच्या लेखी तो पावलांचाच भाग होता.

घरी सेनन दाराकडे तोंड करून बसला होता.

"वाजली का?"

"वाजली," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"पुढच्या रविवारी पुन्हा ये म्हणाले."

तसं कुणीच म्हटलं नव्हतं. पण ती गेली. वाटेत पोरं कुंपणाआडून खोकली, तरी गेली. थेडीने तिला बघून तोंड वाकडं केलं.

"काय, श्वास विसरून गेलीस का इथे?"

"मला वाजवण्याबरोबर नाचायला शिकवा," ती म्हणाली. तेवढं एक वाक्य तिने वाटभर घोकलं होतं.

"शिकवीन. पण सगळ्यांसमोर. माझ्या घरी दार लावून काही होत नाही."

मग पुढचे रविवार तो सगळ्यांचा खेळच झाला. थेडी मुद्दाम सावकाश वाजवायचा आणि चाल वळायच्या आधी मोठ्याने म्हणायचा, "आला हं, आला, श्वास आला!" लोक टपून बसायचे. ती थांबली की सगळे एकदम खोकायचे. थेडी गजाचं टोक तिच्या नडगीवर मारायचा, लागेल एवढ्या जोराने. कधी तो वळणावरून उडी घेऊन दुसऱ्याच चालीत शिरायचा आणि ती तोंडघशी पडायची. "सेननने तुला नाचायला नाही शिकवलं," तो म्हणायचा. "मरायला शिकवलंय."

बिड हॉ हसायची, पण इतरांपेक्षा कमी. एकदा परसात पाणी घेताना ती नोनीला म्हणाली, "दमा सेननला आहे गं, चालीला नाही. चाल थांबत नसते. तू त्याच्यासाठी थांबतेस, दुसरं काय."

"मग काय करू?"

"थांबू नकोस त्याच्यासाठी. वळण जवळ आलं की मी खालचा सूर जोरात दाबीन. त्याच्यावर पाय टाक आणि पलीकडे जा. मागे काय राहिलं ते बघू नकोस."

तो खालचा सूर धरून नोनी शिकली. तो आला की ओढ्यावरून उडी मारल्यासारखी ती चालीच्या पलीकडे जायची. आधी अडखळत, मग दहात एकदा, मग चुकूनच. घरी मात्र तिने दार खाली टाकणं बंद केलं. पाय दुखतात, गाय विणार आहे, असं काहीतरी सांगायची. काकाच्या तोंडची चाल कानावर पडली तर पायांत ते थांबणं परत येईल, ही भीती होती. सेननने एकदा आपणहून गुणगुणायला सुरुवात केली तशी ती बादली घेऊन बाहेर निघून गेली. आत तो थोडा वेळ गुणगुणला, मग गप्प झाला.

उपवासाच्या आधीचा शेवटचा रविवार तोंडावर आला. थेडीने सांगितलं होतं, त्या दिवशी पूर्ण रील, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाहुणे असतील. गुरुवारी शेजारचा पीडर कॉन्वे सेननला तंबाखू द्यायला आला. वाईट माणूस नव्हता तो, गमत्या होता. नोनीला बघून तो सवयीने खोकला.

"तुलाही लागला का?" सेननने विचारलं.

"हे नोनीचं आहे," पीडर हसत म्हणाला. "सगळा गाव खोकतो की! तुला सांगितलं नाही तिने?" आणि त्याने सगळं सांगितलं, थेडीने गज कसा ओढला ते तोंडाने करूनही दाखवलं. सेनन हसला. पीडर जाईपर्यंत तो हसत होता.

मग म्हणाला, "दार खाली टाक."

"काका, थंडी आहे."

"टाक म्हणतो ना. मी शिकवलंय चुकीचं. मीच नीट करणार. श्वास न घेता म्हणतो."

"मला जमतंय आता. थेडीने..."

"थेडीचं नाव काढू नकोस. टाक दार."

तिने दार टाकलं. उघड्या चौकटीतून समुद्राचा वारा आत आला. सेननने दोन्ही हात काठीवर घट्ट ठेवले आणि चाल सुरू केली. आवाज बारीक पण सरळ होता. पहिलं वळण आलं, तो थांबला नाही, तीही थांबली नाही. त्याच्या तोंडावर आनंद पसरला. दुसऱ्या वळणाला त्याच्या गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. नोनी बघत होती. थांबावं असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी वाटलं की आत्ता थांबले तर रविवारी पाय पुन्हा थांबतील. सेननचे ओठ निळे पडत चालले. चालीत आता शब्द उरले नव्हते, नुसती हवा होती. त्याने काठी आपटली, चल, चल. तिसऱ्या वळणावर त्याच्या तोंडून काहीच आलं नाही. काठी पडली आणि तो खुर्चीवरून बाजूला कलंडला.

नोनीचे पाय तो भाग पुरा करूनच थांबले. मग ती धावली.

तो मेला नाही. फादर हेहिर येऊन मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल त्याच्या कपाळाला लावून गेले. सेनन बिछान्यात पडून दोन दोन शब्द बोलायचा आणि मध्ये बराच वेळ छताकडे बघायचा. शनिवारी रात्रभर नोनी त्याच्याजवळ बसली. रविवारी तिने भाकरी भाजली, विस्तवावर पीट, म्हणजे जळणाची वाळकी माती, घातलं आणि बूट हातात घेऊन उभी राहिली.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"जा."

"काका, तुमचा श्वास बघा कसा झालाय."

"बघत बसू नकोस. जा."

पीडरची बायको येऊन बसली. नोनी गेली.

मॅरिननकडे एनिस शहराहून पाहुणे आले होते. सेननचं सगळ्यांना कळलं होतं, म्हणून खोकायला कुणी धजलं नाही. थेडीने वाजवायला घेतलं आणि या वेळी मुळीच सावकाश नाही. बिडने खालचा सूर दाबला नाही, गरजही नव्हती. नोनी मधोमध उभी राहून नाचली. वळणं आली आणि गेली. शिळा एकदाही मुकी झाली नाही. शेवटची टाच पडली तसा पाहुण्यांनी गलका केला.

"कुणाची गं ही पावलं?" एक पाहुणा ओरडला.

नोनीला दम लागला होता. ती बोलायच्या आत थेडीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिचा काका सेनन टाल्टी नाचायचा म्हणतात," तो पाहुण्यांना म्हणाला. "पण त्याचं जे काही हिच्या पायांत होतं, ते मी काढून टाकलं. आता जे आहे ते माझ्या घरचं." आणि त्याने फिडल पुन्हा खांद्याला लावलं.

लोक हसले, टाळ्या झाल्या. नोनीने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एनिसच्या पाहुण्याने पुढच्या नाचासाठी हात पुढे केला. तिने तो घेतला.

घरी आली तेव्हा पीडरची बायको निघून गेली होती. सेनन जागा होता.

"नाव," तो म्हणाला. मग थांबला, श्वास घेतला. "घेतलं का?"

"घेतलं," नोनी म्हणाली.

"थेडीने?"

"थेडीनेच. पाहुण्यांसमोर."

"काय म्हणाला?"

ती चुलीकडे वळली, रात्रीचे बटाटे पातेल्यात टाकू लागली. एकेक बटाटा पाण्यात पडत राहिला. सेननने पुन्हा विचारलं नाही. त्याने डोळे मिटले होते आणि त्याच्या तोंडावर समाधान होतं.